सातबाऱ्यावरचं शहर

सिव्हिलला ॲडमिशन घेतली की दोन प्रश्न कायमचे मागे लागतात. नातेवाइकांचा पहिला, "मग आमचं घर तूच बांधून देणार ना?" आणि मेसमधल्या कॉम्प्युटरवाल्यांचा दुसरा, "तुमच्याकडे कंपन्या येतात तरी का गं?" पहिल्याला हसून उत्तर द्यायचं आणि दुसऱ्याच्या वेळी पोळी मोडत ऐकूच आलं नाही असं दाखवायचं. एवढ्या भांडवलावर मी तीन वर्षं काढली. मग दिवाळीच्या सुट्टीत आमच्या आप्पांनी तिसरा प्रश्न विचारला, आणि त्यावर हसताही येईना नि तो टाळताही येईना.

आमचं गाव एका मोठ्या शहराच्या हद्दीपासून सात-आठ किलोमीटरवर आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण व्यवहार अजून चालू आहेत! ओढ्याकाठी आमची सव्वातीन एकर जमीन. आप्पा आणि दोन चुलते यांच्यात सामाईक, निम्मी बागायत, निम्मी जिरायत. गेली काही वर्षं एजंट लोक बांधापर्यंत गाड्या आणतात, चहा पितात, भाव बोलतात, जातात. पण या वेळी आलेला माणूस नुसत्या प्लॉटिंगचं बोलत नव्हता. त्याच्या हातात गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक होतं. घरं, ऑफिसं, शाळा, दवाखाना, बाजार, बाग, सगळं एकाच ठिकाणी. गच्चीवर सोलर, जमिनीत पावसाचं पाणी, कचऱ्यापासून गॅस. आणि वर मोठ्या अक्षरात 'सस्टेनेबल टाउनशिप'.

आप्पांनी ते माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "हे टिकाऊ शहर आहे म्हणतोय. त्यात आपण कुठं टिकतो, तेवढं बघून सांग."

मित्रांनो, 'सस्टेनेबल' या शब्दावर आपण सगळ्यांनी किमान एक तरी सेमिनार ठोकलेला आहे. पहिल्या स्लाइडवर हिरवं पान, शेवटच्या स्लाइडवर 'थँक यू'. मधलं सगळं सिनियरच्या पेनड्राइव्हवरून! पण आप्पांनी विचारलेला मुद्दा त्या स्लाइड्समध्ये कुठेच नव्हता. म्हणून सुट्टी संपवून परत आल्यावर एका रविवारी रूममेटला सोबत घेतलं, पीएमपीची बस पकडली आणि हडपसरला मगरपट्टा सिटी बघायला गेलो.

मगरपट्टा म्हणजे आयटी कंपन्या आणि वीकेंडची गर्दी, एवढंच आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असतं. पण जरा मागे जाऊ या. ही जवळपास चारशे एकरांहून थोडी जास्त, सलग, पाण्याखालची शेतजमीन होती आणि मालक होते सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबं, त्यातली बरीचशी मगर आडनावाची. ऐंशीच्या दशकात पुण्याच्या विकास आराखड्यात ही जमीन भविष्यातल्या नागरी वापरासाठी दाखवली गेली. शहर सोलापूर रोडने सरकत पार कडेला येऊन ठेपलं होतं. आजूबाजूला एक-एक तुकडा विकला जात होता. शिवाय १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा डोक्यावर होताच. थोडक्यात, शेती करत राहणं अवघड, आणि विकली तर पैसा हातात येणार आणि हातातून जाणार.

तेव्हा सतीश मगर या शेतीचं शिक्षण घेतलेल्या गृहस्थांनी बाकीच्यांना एकत्र आणून एक वेगळीच गोष्ट पटवली. जमीन कुणी विकायची नाही. सगळ्यांची एकत्र करायची, आपणच कंपनी काढायची आणि शहरही आपणच बांधायचं. ज्याची जितकी जमीन, तितक्या प्रमाणात कंपनीत त्याचा हिस्सा. १९९३ साली आराखडा पुढे आला, प्रत्यक्ष बांधकाम सुरू व्हायला २००० साल उजाडलं. मधली सात वर्षं म्हणजे परवानग्या, बैठका आणि एकमेकांची समजूत काढणं. सव्वाशे घरं सात वर्षं एकत्र धरून ठेवणं हे आरसीसीच्या कामापेक्षा कठीण असणार. आमच्याकडे गणपतीच्या वर्गणीवर सव्वाशे घरांचं एकमत होत नाही!

हे सगळं वाचून गेल्यामुळे आत शिरल्यावर मी इमारतींपेक्षा भलतीकडेच बघत होते. मधोमध गोल, मोठी 'अदिती गार्डन' आहे. तिच्याभोवती घरांचे विभाग, एका अंगाला सायबरसिटीच्या काचेच्या इमारती. शाळा, दुकानं, बँका चालत जाण्याच्या अंतरात. 'मिक्स्ड यूज' म्हणजे नेमकं काय, हे आपल्याला व्याख्या पाठ करून कळत नाही, ते तिथे पायी फिरून कळतं. घर एका टोकाला आणि ऑफिस दुसऱ्या टोकाला असेल तर रस्ते कितीही रुंद करा, ते भरणारच. घर, काम आणि शाळा जवळ असतील तर गाडी बाहेर काढण्याचं कारणच कमी होतं. उड्डाणपुलावर खर्च करण्याऐवजी फेरीच वाचवायची, असा हा सरळ हिशेब आहे. गच्च्यांवर सोलर वॉटर हीटर दिसतात. ओल्या कचऱ्याचं खत आणि बायोगॅस, सांडपाण्यावर प्रक्रिया, पावसाचं पाणी मुरवणं, या गोष्टी इथे पहिल्या आराखड्यातच धरलेल्या होत्या.

इमारतींच्या विभागांना नावं मात्र डॅफोडिल, हेलिकोनिया, झिनिया, कॉसमॉस अशी. रूममेट म्हणाली, "एवढ्या शेतकऱ्यांत कुणाला झेंडू, शेवंती, अबोली सुचली नाही का गं?" असो. फ्लॅट विकायचा तर नाव इंग्लिशच लागत असावं.

परत आल्यावर मी होस्टेलच्या टेबलावर पाण्याचं गणित मांडलं, कारण माहितीपत्रकात 'पावसाच्या पाण्यावर स्वयंपूर्ण' असं एक वाक्य होतं आणि ते मला खुपत होतं. तुम्हीही कॅल्सी काढा. चारशे एकर म्हणजे साधारण १६ लाख चौरस मीटर. पाऊस ७०० मिलिमीटर धरला तर वर्षाला पडणारं एकूण पाणी सुमारे ११३ कोटी लिटर. समजा तिथे ४०,००० माणसं राहतात. माणशी रोज १३५ लिटर या आपल्या पाठ असलेल्या आकड्याने रोज ५४ लाख लिटर आणि वर्षाला सुमारे १९७ कोटी लिटर लागतं. म्हणजे पडलेला थेंब न् थेंब धरला, एकही वाहू दिला नाही, वाफ होऊ दिली नाही (जे अशक्य आहे), तरी गरज जेमतेम सत्तावन्न टक्के भागते. तेव्हा 'स्वयंपूर्ण' हा शब्द कुठल्याही टाउनशिपच्या कागदावर दिसला तर आधी पेन्सिल हातात घ्यावी.

उरलेलं गणित सांडपाण्याचं. वापरलेल्या पाण्यातलं सुमारे ८० टक्के गटारात येतं, म्हणजे रोज ४३ लाख लिटर. ते शुद्ध करून पुन्हा फिरवलं तर? १३५ पैकी ४५ लिटर आपण फ्लशसाठी धरतो. ४०,००० माणसांचे रोज १८ लाख लिटर तिथेच वाचले, उरलेल्यातून बागा भागतात. अशा शहराचा जीव गच्चीवरच्या सोलरमध्ये कमी आणि कोपऱ्यात वास मारणाऱ्या सांडपाणी प्रकल्पात जास्त असतो. माहितीपत्रकात मात्र त्याचा फोटो कुणी छापत नाही!

आणि गंमत पुढे आहे. हेच गणित मी आप्पांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "त्याच चारशे एकरांत ऊस असता तर किती पाणी लागलं असतं?" मी उसाला वर्षाला साधारण २,००० मिलिमीटर धरले. उत्तर आलं ३२० कोटी लिटरच्या वर! चाळीस हजार माणसांच्या घरगुती वापराच्या दीड पटीहून जास्त. आप्पा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे शहर वाईट आणि शेती चांगली, असं सरसकट नाय म्हणता येत." मग लगेच, "पण उसाला एक पाळी चुकली तर चालतं. माणसाला नाय." तीन वर्षं 'पीक डिमांड' आणि 'रिलायबिलिटी' शिकून मला जे इतक्या थोडक्यात सांगता आलं नसतं, ते त्यांनी बांधावर उभं राहून सांगितलं.

पण खरा प्रश्न पाण्याचा नव्हताच. 'आपण कुठं टिकतो' हा होता. त्यासाठी मी लायब्ररीत शिरले आणि भेटले एबेनेझर हॉवर्ड. टाउन प्लॅनिंगच्या पेपरात 'गार्डन सिटी' ही पाच मार्कांची टीप असते. आपण तीन गोल काढतो, मध्ये बाग, बाहेर शेती, आणि मोकळे होतो. हॉवर्ड हे ना इंजिनिअर होते ना आर्किटेक्ट. ते इंग्लंडच्या पार्लमेंटात भाषणं टिपून घेणारे लघुलेखक होते. त्यांचं पुस्तक १८९८ साली आलं, आणि त्यातला मुख्य मुद्दा ते गोल नाहीतच. मुद्दा असा, की शेतजमिनीवर शहर वसलं की तिची किंमत कितीतरी पट वाढते, ही वाढ शहरात राहणाऱ्या सगळ्यांमुळे होते, तर ती एकट्या-दुकट्याच्या खिशात का जावी? म्हणून जमीन सगळ्यांच्या वतीने एका संस्थेकडे राहावी आणि वाढीव उत्पन्न त्या शहरावरच खर्च व्हावं. १९०३ साली लंडनच्या उत्तरेला लेचवर्थ इथे हे खरोखर सुरू झालं. आज सव्वाशे वर्षांनीही तिथल्या बऱ्याच मालमत्तेचं उत्पन्न एका विश्वस्त संस्थेमार्फत त्याच गावावर खर्च होतं. आपण पाच मार्कांसाठी गोल काढले आणि जमिनीचा हिशेब सोडून दिला!

आपल्याकडचं उलटं उदाहरणही दूर नाही. सिडकोची स्थापना १९७० ची. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी त्यात आल्या. आराखडा नामांकित लोकांचा होता, घर आणि काम जवळ असावं हा विचारही त्यात होता. पण ज्यांची भातशेती आणि मिठागरं गेली, त्यांच्या वाट्याला मोबदला आला, वाढलेली किंमत नाही. त्यासाठी १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासईचं आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर विकसित भूखंडाच्या रूपाने साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना आली. 'साडेबारा टक्के' हा शब्द आपण जाहिरातींत वाचतो, पण त्यामागे काय आहे ते आमच्या वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. मलाही हे सगळं शोधेपर्यंत माहीत नव्हतं.

म्हणजे जमीन जाण्याचे रस्ते तीन. एक, सरकार घेतं. दोन, बिल्डर विकत घेतो. तीन, मालक एकत्र येऊन स्वतःच विकसित करतात. शहराचं चित्र तिन्हींत सारखंच दिसू शकतं. तीच बाग, तोच सांडपाणी प्रकल्प, तेच सोलर. फरक असतो तो सातबाऱ्यात. सातबारा म्हणजे गावनमुना सात आणि गावनमुना बारा. सातवर जमीन कुणाची ते लिहिलेलं असतं आणि बारावर त्यात काय पिकतं ते. शेताचं शहर झालं की बारा नंबर कोरा होणारच. प्रश्न एवढाच, की सातवरच्या नावाचं काय होतं? ते नुसतं कंस करून पुसलं जातं, की हिस्सेदार म्हणून दुसऱ्या कागदावर जिवंत राहतं?

मगरपट्ट्यात ते जिवंत राहिलं, म्हणून त्याचं कौतुक. गटातल्या घरांतल्या मुलांनी बांधकामाला लागणाऱ्या मालाचे आणि सेवांचे छोटे धंदे उभे केले, म्हणजे नुसता हिस्साच नाही तर कामही घरात आलं. पुढे सिंहगड रोडवर नांदेड सिटीतही शेतकऱ्यांनी हाच मार्ग धरला.

याच्या उलट चित्र मी आमच्याच शिवारात बघते. रस्त्याकडेची जमीन सर्वांत आधी विकलेल्या आमच्या भावकीतल्या एका दादाने बंगला बांधला, बहिणीचं लग्न दणक्यात केलं, गाडी घेतली. आज तो पाण्याचा टँकर चालवतो. त्याच्या रोजच्या खेपांपैकी दोन, त्याच्याच जुन्या शेतावर उभ्या राहिलेल्या सोसायटीत असतात. तो हे हसत सांगतो. ऐकणाऱ्याला हसता येत नाही.

तरीही या तिसऱ्या रस्त्याची एक बाजू मला रात्रभर झोपू देईना. हिस्सा जमिनीच्या प्रमाणात. मग ज्याला जमीनच नाही त्याचं प्रमाण किती? शून्य. आमच्या रानात तीस वर्षं खुरपायला येणाऱ्या मावशींचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नाही. शेत होतं तोवर त्यांना रोजगार होता. टाउनशिप झाली तर त्या गेटवर पास दाखवून कुणाच्या तरी घरी भांडी घासायला जाणार आणि राहणार लांबच्या वस्तीत. आणि आमच्या दोन आत्या? कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क आहे. महाराष्ट्रात १९९४ पासून, देशभर २००५ पासून. पण आमच्या तालुक्यात जमिनीला भाव आला की बहिणींना माहेरी जेवायला बोलावतात, साडी देतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. साडी चांगली असते, एवढं मान्य!

जानेवारीत मारुतीच्या देवळात बैठक झाली. ओढ्याकाठची चौदा घरं, मिळून एकूण ४२ एकर. मला बोलावलं होतं, 'सिव्हिलची पोरगी' म्हणून. मी चार्ट पेपरवर शिवाराचा नकाशा काढून नेला होता. सबमिशनच्या शीटपेक्षा जास्त मन लावून, हे सरांना कृपया सांगू नका. मी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, आपल्या राज्याच्या नियमांत अशा मोठ्या एकात्मिक टाउनशिपला सलग ४० हेक्टर, म्हणजे शंभर एकर जमीन लागते. आपले ४२ एकर पुरत नाहीत, पलीकडच्या वाडीला बरोबर घ्यावं लागेल. दुसरी, नियमाला जमीन सलग हवी आणि पुरेसा रुंद पोचरस्ताही हवा. रस्त्याकडेचा एक गट नंबर जरी एजंटने फोडला तरी आतल्या सगळ्यांची जमीन अडकते आणि भाव पडतो. म्हणून तो आधी रस्त्याकडेच्यालाच जास्त भाव देतो. तिसरी, मगरपट्ट्याला आराखड्यापासून बांधकामापर्यंत सात वर्षं लागली. तेवढी कळ काढायची तयारी नसेल तर आत्ताच सांगा, नंतर एकमेकांना दोष देऊ नका.

नाना, म्हणजे आमचे मधले चुलते, म्हणाले, "सात वर्षं खायचं काय?" हा प्रश्न कुठल्याच पुस्तकात सुटलेला नाही. मी म्हटलं, "परवानग्या होईपर्यंत शेतीच करायची, नाना. ज्याने विकलं त्याचं रान दुसऱ्या दिवशी बंद. आपलं चालू राहील." ते काही बोलले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत.

मग यादी करायला घेतली. घर, गट नंबर, क्षेत्र, खातेदारांची नावं. मी शेवटी एक रकाना वाढवला आणि त्यावर 'बहिणी' असं लिहिलं. देवळात एकदम शांतता! कुणीतरी म्हणालं, "हे कशाला आत्ता?" मी सांगितलं, की आज सोडलेलं नाव पुढे कोर्टात उभं राहतं आणि सगळं काम थांबतं, बँक कर्ज देत नाही. खरं कारण हे एवढंच नव्हतं, पण देवळात हेच चाललं. आप्पांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आमच्या घरच्या दोघींची नावं लिही." त्यांच्यानंतर आणखी पाच घरांनी लिहिली. आठांचा रकाना अजून कोरा आहे.

आज परिस्थिती अशी. चौदातलं एक घर फुटलं, नशिबाने ते आतल्या बाजूचं आहे. पलीकडच्या वाडीशी दोन बैठका झाल्या, तिसरी परीक्षेनंतर आहे. मजुरांसाठी काय करायचं, यावर एकमत झालेलं नाही. टाउनशिपच्या नियमांत छोट्या घरांसाठी काही हिस्सा ठेवावाच लागतो, त्यातली काही घरं गावातल्या भूमिहीनांना आधी द्यावीत, असं मी मांडलंय. दोघं 'बघू' म्हणाले. गावाकडच्या 'बघू'चा अर्थ काय असतो ते गावाकडच्यांना सांगायला नको. आमची टाउनशिप होईल की नाही, मला सांगता येत नाही. एजंटची गाडी दर आठवड्याला येतेच आहे.

जाता जाता ज्युनियर्ससाठी एक विनंती. पुढच्या सेमला तुम्हाला टाउन प्लॅनिंगची शीट मिळेल. त्यावर एक मोठा पांढरा तुकडा असेल आणि कोपऱ्यात लिहिलेलं असेल, 'मोकळी जमीन'. रस्ते झकास आखा, बाग काढा, सांडपाणी प्रकल्प वाऱ्याच्या दिशेने वास येणार नाही असा बसवा. त्याला मार्क आहेत. पण त्याआधी एका दिवशी त्या जागेवर जाऊन या. सातबारा आता ऑनलाइनही निघतो, तोही एकदा काढून वाचा. तिथे कुणी ना कुणी पाणी देत असेल किंवा खुरपत असेल. त्यांना विचारा, इथे शहर आलं तर तुम्ही कुठे असाल? आणि उत्तर मिळालं की ते शीटच्या मार्जिनमध्ये पेन्सिलने लिहून ठेवा. व्हायव्हात कुणी विचारणार नाही. पण आपल्यापैकी बरेच जण उद्या खरोखर असे तुकडे आखायला बसणार आहोत, तेव्हा ते कामाला येईल.

(बी.ई. सिव्हिल, लेडीज होस्टेल)